तीन पायांचा कावळा

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या इंडियन ग्रोसरीत केळीची पानं मिळायची, फ्रोझन का होईना. आमसुलं मिळायची, गवार मिळायची, पूजेची सुपारीसुद्धा मिळायची. कावळा तेवढा मिळायचा नाही. आणि मला नेमका तोच हवा होता.

का हवा होता ते आधी सांगते. २००१च्या उन्हाळ्यात नाशिकला माझे बाबा गेले. डॉटकॉमच्या पडझडीत नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती आणि नव्या कंपनीचे व्हिसाचे कागद कुठेतरी अडकले होते. वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर परत यायची गॅरंटी नाही. मी रडले आणि राहिले. तिकडे दहाव्याला गोदावरीवर भावानं पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. भावानं हात जोडून आईला सांभाळायचं वचन दिलं, काका बोलले, आत्या बोलली. कावळे समोर भिंतीवर ढिम्म बसलेले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे एकदा फोनवर आईच्या तोंडून निसटलं, "तुझ्यातच जीव अडकला होता गं त्यांचा."

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण बाप गेल्यावर तुमच्या डिग्रीला कोण विचारतो? माझ्या हातचं एकदा कावळ्यानं खावं, एवढं एकच माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक कोरियन आजोबा राहायचे. लेकीजवळ. आयुष्यभर ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवून आता ते लेकीच्या हवाली केलेलं, त्यामुळे दिवसभर मोकळे, आणि बडबडे तर असे की काही विचारू नका. इंग्रजी त्यांचं मोडकं, माझं पुस्तकी. दोघांचं मिळून छान चालायचं. मी त्यांना सरळ 'आजोबा' म्हणायची. ते मला 'नाशिकदेक' म्हणायचे. त्यांच्याकडे लग्न झालेल्या बाईला नावानं नाही, माहेरच्या गावावरून हाक मारायची जुनी रीत. नाशिकदेक म्हणजे नाशिकवाली. अख्ख्या अमेरिकेत मला माहेरच्या नावानं हाक मारणारा हा एकच माणूस, आणि तो कोरियन! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरात येऊन मी जी रडले, ते नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही का ते.

आजोबांना एकच विषय. गोगुर्यो. हे त्यांचं जुनं राज्य, दोन हजार वर्षांपूर्वीचं. पहिला राजा म्हणे अंड्यातून जन्मला. त्यांचे घोडेस्वार भर वेगात मागे वळून बाण मारायचे, चीनच्या सम्राटाची अफाट फौज त्यांनी परतवून लावली, आणि 'कोरिया' हे नावसुद्धा त्याच राज्याचं शिल्लक राहिलेलं शेपूट. हे सगळं ते काल घडल्यासारखं सांगायचे. मग मीही कशाला मागे राहते! मी महाराज काढले, गड काढले, घोड्यांना सिंधूचं पाणी पाजून आणलं. "आणि आता कुठे आहे ते तुमचं राज्य?" त्यांनी विचारलं. "तुमचं जिथे आहे तिथेच," मी म्हटलं. आजोबा हसून हसून खोकायला लागले.

पण त्यांचं गोगुर्यो पुस्तकातलं नव्हतं. ते जन्मले प्याँगयाँगच्या पश्चिमेला एका खेड्यात, आणि त्या खेड्याबाहेरच गोगुर्योच्या राजा-सरदारांच्या थडग्यांच्या टेकड्या होत्या. गवतानं झाकलेल्या, आत दगडी खोल्या, भिंतींवर चित्रं. कोरियावरचं जपान्यांचं राज्य गेलं आणि थडग्यांचं कुलूप मोडलं, तेव्हा पोरवयात ते कंदील घेऊन आत शिरले होते. छतावर एक लालभडक सूर्य होता आणि सूर्याच्या आत काळा कावळा. तीन पायांचा. "आई म्हणायची, तो आत बसलाय म्हणून सूर्य विझत नाही."

कोरियन युद्धाच्या हिवाळ्यात चिनी फौज उतरली आणि सगळं गाव दक्षिणेकडे पळायला लागलं. आई म्हणाली, तू पुढे हो, तरण्या पोराला सैन्यात ओढतील, मला कोण काय करतंय. चार दिवसांत सगळं निवळेल, मग ये. आजोबा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. मग देशाच्या मध्ये रेघ पडली, आई उत्तरेत, ते दक्षिणेत. ते चार दिवस अजून संपायचेच होते. ना पत्र, ना फोन, ना कुणाचा निरोप.

आमच्या पितृपक्षाच्या तोंडावरच त्यांचा छुसॉक येतो, भाद्रपदाच्या पौर्णिमेला. त्या दिवशी गेलेल्यांसाठी पान मांडतात. २००२च्या छुसॉकला आजोबांची लेक पाइनच्या सुयांसारख्या पानांवर वाफवलेल्या, तांदळाच्या पिठीच्या करंज्या घेऊन आली आणि माझ्याकडे तक्रार करत बसली. आईसाठी, म्हणजे आजोबांच्या बायकोसाठी, तिनं सगळं मांडलं होतं. आजीचं, म्हणजे आजोबांच्या आईचं, मात्र ते मांडू देईनात. "नव्वदीच्या पुढे असेल ती आता. समजा असली तर. त्यांना म्हणते, एकदा मांडा आणि मोकळे व्हा. तर म्हणतात, माझ्या हातानं आईला मारू?"

मी आपली सांगून बसले की आमच्याकडे पंधरा दिवसांनी सर्वपित्री अमावास्या येते. ज्यांची तिथी माहीत नाही, कधी गेले ते कळलं नाही, त्यांचं त्या दिवशी. पान बाहेर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. आजोबा दारात उभे राहून ऐकत होते.

"कावळा आला नाही तर?"

"तर पोचलं नाही."

"म्हणजे माणूस तिथे नाही?"

"कुठे?"

"मेलेल्यांत."

धर्मशास्त्रात हे असं कुठेही बसत नाही. पण त्यांनी ते कधीच बसवून टाकलं होतं. आजोबांचा चेहरा एकदम उजळला. "आमच्या रीतीत मला ठरवावं लागतं. तुमच्यात कावळा ठरवतो. हे बरं आहे."

अमावास्येला मी पहाटेपासून राबले. वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवार, सगळं. "लेकीनं कधी घालतात का?" असं नवरा म्हणाला आणि माझा चेहरा बघून चटणी वाटायला लागला. इमारतीमागे एक तळं होतं, त्याच्या काठच्या गवतावर मी बाबांचं पान ठेवलं. तेवढ्यात आजोबा आले. कोट, टाय, हातात वाडगा. त्यात त्यांच्या गावच्या पद्धतीचं मुगाचं जाडसर धिरडं, स्वतः केलेलं, कडेनं करपलेलं. आईला आवडायचं म्हणे. त्यांनी तो वाडगा माझ्या पानाशेजारी ठेवला आणि आम्ही दोघं आकाशाकडे बघत उभे राहिलो.

कावळा येणार नव्हता. मला ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात डासांच्या रोगानं शिकागोकडचे कावळे पटापट मेले होते. मेलेला कावळा दिसला तर फोन करा, अशा सूचना पेपरात येत होत्या. तरी मी वडे तळले. वेडी आशा, दुसरं काय.

आल्या त्या तळ्यावरच्या जाड्या, बदकांसारख्या कॅनडा गीज. माना ताणत, फिसफिसत आल्या आणि बाबांचा वडा घेऊन गेल्या. "चला, बाबांचं इमिग्रेशन कॅनडामार्गे झालं," नवरा म्हणाला. मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

आणि आजोबा? ते नाचायचेच बाकी होते. "आला नाही! नाशिकदेक, आला नाही!" मोकळ्या आकाशाकडे बोट दाखवून ते हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. तेच आकाश बघत मी बाबांचं विस्कटलेलं पान उचललं. पेपरात काय आलंय ते माझ्या अगदी ओठांवर आलं, आणि मी ते गिळलं. त्यांची आई जिवंत होती. कशाला मध्ये तोंड घाला?

मग हे दरवर्षीचंच झालं. मी पान ठेवायची, ते वाडगा. कावळा यायचा नाही. ते आनंदात घरी जायचे आणि मी तशीच. मधल्या एका डिसेंबरात मी नाशिकला जाऊन आले. गॅलरीत भात ठेवला तर तो क्षणात एका कावळ्यानं उचलला. मी आईला हाक मारली. आई म्हणाली, "अगं, हा रोजचाच आहे मेला. ह्याचं काय धरतेस!"

२००४ साली गोगुर्योची ती थडगी जागतिक वारशाच्या यादीत गेली. चीनकडची वेगळी, उत्तर कोरियाकडची वेगळी. चीनचे विद्वान म्हणायला लागले होते की गोगुर्यो मुळात आमचंच. आजोबांचा नुसता संताप. "आधी गाव घेतलं, आता गावचे मेलेलेही घेणार?" पण ते माझ्याकडे आले होते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्यांच्या कोरियन पेपरात रंगीत फोटो होता. हिरवी टेकडी, बाजूनं पायवाट. पन्नासहून जास्त वर्षांनी ते आपलं गाव बघत होते. नवऱ्याकडचं भिंग मागून घेतलं आणि फोटोच्या उजव्या कडेला नाक लावून बसले. "ही वाट वळते ना, तिथून पुढे आमचं घर." वाट वळत होती आणि तिथेच फोटो संपत होता. त्यांनी पेपर उलटून मागची बाजूही बघितली. मागे गाड्यांची जाहिरात होती. मी उठून चहा टाकला, कारण तिथे बसवेना.

२००७ची अमावास्या. आजोबा आता वॉकर घेऊन चालायचे. धिरडं लेकीनं भाजलेलं होतं, म्हणजे 'मोकळे व्हा' म्हणणं तिनंही सोडलं होतं. आजोबांची आई आता शंभरीला टेकलेली असणार. मी पान मांडलं, त्यांचा वाडगा शेजारी ठेवला आणि पदर खोचून उभी राहिले.

आणि आवाज आला. काव.

पार्किंगच्या दिव्याच्या खांबावर होता. काळा कुळकुळीत, चांगला थोराड. गेल्या वर्षा-दोन वर्षांत एखाददुसरा लांबून दिसायला लागला होता, पण असा जवळ, असा ह्या दिवशी कधीच नाही. बाबा, आलात? मान वाकडी करून तो पानाकडे बघत होता. मग उडाला आणि समोरच्या गवतावर उतरला. दोन उड्या मारल्या. आता त्याच्यात आणि पानात हातभर अंतर. पानात आणि आजोबांच्या वाडग्यात त्याहून कमी.

आजोबा पाठमोरे होते, वॉकरचं चाक गवतात रुतलं होतं ते काढत होते. मी बाबांकडे बघितलं. हो, बाबांकडेच. मग दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत पुढे धावले. "हुश्! हुश्! जा!" पितरांच्या पानावरून कावळा हाकलणारी बाई आमच्या सात पिढ्यांत झाली नसेल. कावळा फडफडत परत खांबावर जाऊन बसला आणि मला ओरडला.

"नाशिकदेक."

आजोबा वळले होते. कधी वळले देव जाणे.

"मी बघितला," ते म्हणाले. "दोन पाय होते."

त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं.

"आमचा तीन पायांचा. हा आमचा नाही. हा तुझ्या बापाचा. त्याला का हाकललंस? बोलाव."

"आजोबा, तो आता नाही यायचा."

"बोलाव म्हणतो ना!"

मी तोंड उघडलं, पण रडण्याशिवाय काही बाहेर पडेना. तेव्हा त्यांनीच मान वर केली आणि त्या खांबाकडे बघून हाक मारायला सुरुवात केली. मी दरवर्षी मारायची तश्शी. "काव, काव, काव." त्यांच्या फाटक्या, म्हाताऱ्या आवाजात. मग मीही मारली. गाड्या लावायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. बघेनात का!

कावळा उतरला. ह्या वेळी सरळ पानापाशी. त्यानं आधी खिरीत चोच घातली. बाबांना गोड आवडायचं. "बाबा, मी येऊ शकले नाही हो," मी मोठ्यानं म्हटलं. मराठीत म्हटलं, पण आजोबांनी मान हलवली.

मग कावळ्यानं वडा उचलला आणि एक उडी शेजारच्या बाजूला मारली. तशी आजोबांनी वॉकर सोडला, गवतात गुडघे टेकले आणि आपला वाडगा चटकन उचलून छातीशी धरला. वरून दुसऱ्या हातानं झाकला. कावळा त्यांच्याकडे बघत राहिला. कावळ्याचं पोट भरून तो उडून जाईपर्यंत ते तसेच बसून होते.