सरकारी भावाची काडतुसं

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कलेक्टर कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. कचेरीला अजून धड इमारत नव्हती. टेबलं यायची होती, पंखे यायचे होते, आणि निम्म्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचंच नाव छापलेलं असायचं. आम्ही ते खोडून वर नवं टाइप करायचो. त्याच कचेरीतल्या फळ्यावर एक दिवस चिठ्ठी दिसली: रायफल क्लबचं सभासद होऊ इच्छिणाऱ्यांनी रविवारी सकाळी गावाबाहेरच्या पाझर तलावापाशी यावं.

उदगीरला कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये मी पाच गोळ्या झाडल्या होत्या. पाचच. त्यातल्या तीन काळ्या गोलात लागल्या, आणि तेव्हापासून एक ओढ मनात राहून गेली होती. घरी सांगितलं असतं तर आईनं लग्नाचं आणखी जोरात मनावर घेतलं असतं. मी खोली घेऊन राहत होते, म्हणून कुणाला विचारावं लागलं नाही.

पाऊस दोन वर्षं रुसला होता. तलाव कोरडा ठणठणीत, तळाची माती भेगाळलेली. त्या तळात उभं राहिलं की समोर तलावाचा उंच बांध. गोळ्या अडवायला त्याहून चांगली भिंत शोधून सापडली नसती. आम्ही सात सभासद होतो. मोंढ्यातले एक आडत व्यापारी, एक दातांचे डॉक्टर, दोन वकील, एक शाळेतले पीटीचे सर, मी, आणि आम्हा सगळ्यांना शिकवणारे सुभेदारसाहेब. साहेब मुदखेडकडचे. फौजेतून निवृत्त होऊन मुलीजवळ लातूरला राहायला आलेले. उंच, काळेसावळे, इस्त्रीचा सदरा आणि पायात चकचकीत बूट. क्लबकडे पॉइंट टू टूच्या दोन रायफली होत्या, त्या त्यांच्या नजरेखालून हलत नसत.

अडचण काडतुसांची होती. जिल्ह्याच्या क्लबाला सरावासाठी सरकारी भावानं काडतुसं मिळतात. पण तो कोटा जुन्या जिल्ह्याच्या नावावर. आम्ही जिल्ह्यातून फुटलो तसे कोट्यातूनही फुटलो. मग नांदेडच्या दुकानातून बाजारभावानं घ्यायची. एका गोळीच्या किमतीत माझा दुपारचा चहा आणि भजी होत होती. व्यापारी रविवारी पन्नास गोळ्या झाडून हात झटकायचे. मी पाच झाडायची आणि बाकीचा वेळ रिकाम्या रायफलीवर काढायची.

साहेबांना त्याचं वाईट वाटत नसे. ते नळीच्या टोकावर चवन्नी ठेवायचे आणि म्हणायचे, "दाब घोडा. चवन्नी पडली तर नेम चुकला समज. याला काय पैसे लागून राहिलेत?"

मी तास-तास पालथी पडून चवन्नी सांभाळायची. पण एकदा उठताना मी बोलून गेले, "साहेब, कधीतरी खरी गोळी पाहिजे. नुसतं पोहायचे हातवारे करून पोहता येतं का?"

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, अर्ज टाइप करा. आपला क्लब वेगळा नोंदवायचा. कोटा वेगळा मागायचा."

त्या अर्जाच्या मी किती प्रती काढल्या, देव जाणे. नोंदणीसाठी जुन्या क्लबाचं ना-हरकत पत्र लागेल असं उत्तर आलं. साहेब एसटीनं तिकडे गेले. पत्र देणारे गृहस्थ लग्नाला गेलेले. पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी पत्र मिळालं, आणि वर त्या गृहस्थांनी आपल्या क्लबातली शिल्लक टार्गेटं गुंडाळून दिली. "वाटणी झाली म्हणून काय भाऊपण तुटतं?" असं म्हणाले म्हणे. पुढे तीन-चार महिने गेले आणि कोटा मंजूर झाला. काडतुसं आली त्या रविवारी व्यापाऱ्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या वाट्याला पहिल्यांदाच पन्नास गोळ्यांची अख्खी डबी आली. मी ती कितीदा तरी उघडून पाहिली.

बाराव्या का तेराव्या गोळीला बांधावरून आरडाओरडा ऐकू आला. एक म्हातारी लुगडं खोचून तरातरा खाली येत होती. साहेबांनी ओरडून सांगितलं, "बोल्ट उघडा! रायफली खाली!"

म्हातारी जवळ येऊन थांबली. तिला धाप लागली होती. "काय करून राहिले रे तुम्ही? माझी गाय आवाजानं बुजून दावं तोडून पडली की खड्ड्यात. गाभण हाय ती!"

बांधाच्या पलीकडे, जरा बाजूला, त्या आठवड्यात चारा छावणी उघडली होती. आम्हाला त्याची खबरच नव्हती. व्यापारी म्हणाले, "मावशी, आमच्याकडे परवाना हाय. ही जागा आमाला आधी मिळाली."

"परवाना गाईला दाखिव," म्हातारी म्हणाली.

साहेबांनी रायफली पीटीच्या सरांच्या हवाली केल्या आणि मला खूण केली. आम्ही दोघं तिच्या मागून गेलो. ताडपत्र्यांखाली ओळीनं जनावरं बांधलेली, सगळ्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तांबडी गाय उभी होती, पण तिचा गुडघा सोललेला आणि पोट थरथरत होतं. साहेब खाली बसले. खिशातला पांढरा स्वच्छ रुमाल काढून त्यांनी पाण्याच्या घागरीकडे हात नेला आणि ती तळाला गेलेली पाहून मध्येच थांबले. म्हातारीनंच तांब्या पुढं केला. "घ्या. एवढं हाय."

त्यांनी जखम पुसली. मग विचारलं, "पाण्याला कुठं नेता?"

"त्या वरच्या हौदावर. टँकर आला की समदी जनावरं तिकडंच जातात."

"किती वेळ?"

"तासभर तर लागतोच."

तिथंच ठरलं. जनावरं हौदावर गेली की म्हातारी बांधावर येऊन हात करणार. जनावरं परत निघाली की पुन्हा हात करणार. मधल्या वेळात आम्ही झाडायचं. एरवी एकही गोळी नाही.

कागदावर हे सोपं होतं, पण टँकरला वेळ नव्हती. कधी आठला यायचा, कधी अकराला, कधी यायचाच नाही. आम्ही कोरड्या तळात बसून राहायचो. वकील कंटाळून यायचे बंद झाले. मी खिशात भरलेली डबी घेऊन बसायची आणि खरं सांगते, मला त्या गाईंचा राग यायचा. इतक्या खटपटीनं गोळ्या स्वस्त झाल्या, आणि आता झाडायला मिळत नव्हत्या. मग लक्षात यायचं की टँकर आला नाही म्हणजे पलीकडं कुणाच्या घशाला कोरड पडली आहे. चेहरा लपवावा असं वाटायचं. एकदा मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "राग येणार. माणूस हाय तू. वागायचं कसं, तेवढं बघायचं."

गाय उन्हाळ्याच्या शेवटाला व्याली. कालवड झाली. म्हातारीनं आम्हाला वाटीभर खरवस आणून दिला. तेवढाच होता, सगळ्यांनी बोटावर घेऊन खाल्ला. व्यापाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मोंढ्यातून सरकीचं पोतं छावणीवर पाठवलं आणि त्याबद्दल आमच्याशी चकार शब्द काढला नाही.

त्याच महिन्यात विभागीय स्पर्धा झाली. मी किरकोळ रजा टाकून गेले, आईला नंतर सांगितलं. रेंजवर पालथी पडून मी सावकाश नेम धरला. तासाभराच्या सरावात घाई करायची नाही आणि गोळी वाया घालवायची नाही, याची सवय झाली होती. शेवटच्या चार गोळ्यांना मात्र श्वास चुकला. बायकांमध्ये सहावी आले.

पुढच्या रविवारी म्हातारी बांधावर आली तेव्हा तिनं हात करण्याआधीच विचारलं, "काय झालं गं तुझ्या शर्यतीचं?"

"सहावा नंबर आला, मावशी."

"बायका किती व्हत्या?"

"तीसेक असतील."

ती मनाशी हिशेब करत उभी राहिली. "मग लई हाय की. मला तर वाटलं व्हतं, तुला न्हाईच जमायचं."

साहेब इतके मोठ्यानं हसले की हौदाकडं निघालेली दोन वासरं मान वळवून पाहायला लागली.