ओलाव्याचं वजन

सोनईतल्या एका भुसार दुकानात मी वीस वर्षं काट्यावर आहे. सोयाबीनची मूठ हातात घेतली की तिच्यात ओलावा किती, ते मला यंत्राआधी कळतं. ओला माल जड भरतो, म्हणून घट धरावी लागते, हे शेतकऱ्यांना रोज ऐकवतो आणि रोज शिव्या खातो. एवढा शहाणा माणूस मी.

आईचं हृदय कमजोर झालं तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी सुरू केली. अंगात पाणी साठू नये म्हणून ती रोज घ्यायची. रोज सकाळी वजन करायचं आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ताबडतोब कळवायचं, असं त्यांनी बजावलं होतं. दुकान उघडण्याआधी मी आईला गाडीवर बसवून न्यायचो आणि पोत्यांच्या काट्यावर उभी करायचो. ती आधी चप्पल काढायची, देवळात काढावी तशी.

पहिल्या आठवड्यात ती पन्नासावरून सेहेचाळीसवर आली. गोळीने पाणी निघतंय हे मला सांगितलेलं होतं, पण डोळ्यांना आई वाळताना दिसत होती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा आधी त्याचं मनगट धरून बघतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, पार काडी झाली. आकडा बघून मी रोज खट्टू व्हायचो. आई काट्याकडे बघायचीच नाही, माझ्याकडे बघायची.

मग वजन वाढायला लागलं. सत्तेचाळीस, एकोणपन्नास, एक्कावन्न. गाल भरले. काकू म्हणाल्या, आता कसं अंग धरलं. डॉक्टरांना पुढच्या तारखेला समक्षच सांगू, खूश होतील, म्हणून मी फोन केला नाही. लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते.

दोन दिवसांनी तिच्या पायात चप्पल जाईना. पायावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. आडवं झालं की तिला धाप लागत होती. मी जीप ठरवली.

वाटेत तिने कबूल केलं की आठ दिवस ती गोळी घेतच नव्हती. मी तिच्यावर ओरडलो. इतका की ड्रायव्हरने वळून बघितलं. ती हळूच म्हणाली, “गोळी घेतली का काटा खाली जातो, अन् तुजं तोंड एवढंसं व्हतं. मला न्हाई बघवत.”

दवाखान्यात तिच्या अंगातलं पाणी काढलं. तिसऱ्या दिवशी नर्सने वजन केलं, त्रेचाळीस. आईने डोळे उघडून किती भरलं विचारलं. मी तोंडभर हसून आकडा सांगितला. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “उद्यापून घेते गोळी.”

त्याच दुपारी ती गेली.