खोडलेली दया

लोहा तहसील कचेरीसमोरील माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी एक बाई वारंवार येते. स्वमग्न मुलीसंबंधीचे तिचे सर्व अर्ज मीच लिहिले आहेत. ती कधी बसत नाही. उभ्यानेच प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेते.

परवाची तक्रार निराळी होती. नांदेडच्या डॉक्टरांनी तिला समजावले होते की, पूर्वजांपासून आलेले जुन्या विषाणूंचे अंश सर्वच माणसांच्या पेशींत असतात. स्वमग्न मुलांत ते अधिक जागे असावेत, असे काही संशोधकांना दिसले आहे, पण त्याचा अर्थ अद्याप ठरलेला नाही. हे तिने मुख्याध्यापकांना विश्वासाने सांगितले. त्यांनी संसर्गाच्या भीतीने मुलीला व्हरांड्यात बसवले.

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे मी वहिवाटीप्रमाणे लिहिले, ‘दयावंत होऊन मुलीस वर्गात बसू द्यावे.’

“दया खोडा, काका.”

“बाई, वीस वर्षं हेच लिहून राहिलो. साहेबांना बरं वाटतं.”

“साहेबाच्याबी अंगात हायेत ते विषाणू. हेडमास्तरच्याबी, तुमच्याबी. मग समदेच बसा की व्हरांड्यात. लिवा तसं.”

माझ्या मसुद्यावर आजवर कोणी काट मारलेली नव्हती. ती मी स्वहस्ते मारली आणि तिचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले. शेवटी ‘आपली आज्ञाधारक’ लिहायला निघालेला हात मात्र तिने सांगण्यापूर्वीच मी आवरला.