काकूंची दुसरी चिंधी

माझी नोकरी वाचवली ती शेजारच्या काकूंनी, आणि तीही त्यांच्या चिकटपणामुळे. दिलेली वस्तू परत आल्याशिवाय काकूंना चैन पडत नाही. कोथिंबीर दिली, तर दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक येते, “जुडीचं रबर कुठं हाय गा माह्यं?”

मी ज्यांच्या बंगल्यावर गाड्या सांभाळतो, त्या साहेबांच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन नागपूरच्या उन्हात तापतं म्हणून तिला घरीच ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड ठेवणारी जाळी, बसवायचा होता. आठवीतून शाळा सोडून सांगलीहून इतक्या लांब आलेला मी, भीतभीत ‘जमेल’ म्हणून बसलो. उघड्या पाइपांत धूळ जाऊ नये म्हणून काकूंच्या जुन्या साडीच्या दोन चिंध्या मागून आणल्या आणि तोंडाशी कोंबल्या.

सगळं जोडलं, तेल भरलं. साहेब पोर्चमध्ये येऊन उभे राहिले. मी किल्ली फिरवणार, तोच कुंपणावरून आवाज आला.

“पयले माह्या चिंध्या दे.”

मी खिशातून एक काढून दिली.

“दोन देल्या होत्या तुले.”

“काकू, नंतर शोधतो. साहेब थांबलेत.”

“थांबू दे त्याईले. चिंधी का पायानं चालत गेली काय गा?”

मी दुसरा खिसा चाचपला आणि मला आठवलं. दुसरी चिंधी पाइपातच होती. गाडी चालू केली असती, तर तेल अडून इंजिन जाम झालं असतं आणि साहेबांनी मला सांगलीच्या गाडीत बसवलं असतं.

पाइप खोलून ती तेलकट चिंधी मी काकूंपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. “धुऊन दे.”

एक दिवस काकूंना अख्खी नवी साडी घेऊन देणार आहे. आणि मी ती परत मागणार नाही.