बोंडोबाचा पहिला भगत

शंकाआबांचा घरच्या चहातल्या साखरेवरही विश्वास नसे. आधी बोट बुडवून चाखत, मगच कप उचलत. एसटीवर बुलढाण्याची पाटी असली तरी ड्रायव्हरला विचारत, "नक्की बुलढाण्यालेच चालली ना?" धामणगाव बढ्यात त्यांच्या-माझ्या शेताचा बांध एकच. सगळं गाव त्यांना हसायचं, मी जरा जास्तच.

बीटी कपाशीचं बियाणं आलं आणि लोकांनी त्या चकचकीत पाकिटांचा देवच करून टाकला. पेरणीच्या दिवशी पाकिटांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि रिकामी पाकिटं ओढ्यात सोडायची. आबा भडकले. "पाकिटाचा देव करता, तं त्याले नाव तरी द्या!" म्हणाले, आणि बोंडाला खंडोबा जोडून तिथल्या तिथं नाव ठेवलं, बोंडोबा. या देवाचा नेम एकच. पाकीट फेकायचं नाही आणि चिमूटभर बी आत राखायचं. "बाकीचे देव श्रद्धा मांगतात, माहा देव शंका मांगते," हे त्यांचं ठरलेलं. नाव गावाला फार आवडलं. 'बोंडोबाचा येळकोट' म्हणून पारावर खिदळणं चालायचं. नेम मात्र कुणीच पाळला नाही.

पुढच्याच हंगामात माझ्या चार एकरांत दहा दिवस झाले तरी कोंब दिसेना. नव्या बियाण्याची ऐपत नव्हती. वर्ष हातचं जाणार होतं. दुकानदार म्हणाला, "हे बियाणं माह्याच दुकानातलं कशावरून? पाकीट दाखव." पाकिटं तर आईनं ओढ्यात सोडलेली.

आबा सोबत आले होते. त्यांनी बंडीच्या खिशातून एक पाकीट काढलं. वर कुंकू, लॉट नंबर स्वच्छ, आत चिमूटभर बी. दुकानदारानं वही उघडली, नंबर जुळला, आणि त्यानं नवी पाकिटं पुढे केली.

बाहेर येऊन मी विचारलं, "आबा, पूजेतून माह्यं पाकीट चोरलं तुम्ही?"

"मंग? तुह्यावरच तं सगळ्यात जास्त शंका होती बे मले!"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. तेव्हापासून मी एकही पाकीट फेकलेलं नाही. दुकानदाराला चार उलटे प्रश्न विचारल्याशिवाय हलत नाही. बायको म्हणते, आबांचं वारं लागलं.

परवा सकाळी आबांची लेक दारात आली. "बाबा गेले," म्हणाली.

माझ्या तोंडून निघालं, "नीट पाह्यलं का?"

ती रडत हो म्हणाली. तरी मी धावत गेलो आणि त्यांच्या नाकाशी हात धरून कितीतरी वेळ बसून राहिलो.