वीतभर उंच जाळी

आज सकाळी समोरच्या शाळेच्या मैदानावर कुणीतरी फक्कीनं रेघा मारत होतं. मी गॅलरीत बसलेलो. वाऱ्यावर चुन्याचा तो कोरडा, नाकात चढणारा वास आला आणि मी थेट एकलहऱ्याच्या कॉलनीत जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्याला प्रवासाला तिकीट लागत नाही, नाक पुरतं.

मी बिजलीघरात खलाशी होतो, म्हणजे जड सामान चढवणारा-उतरवणारा. शिकलो चौथीपर्यंत, पण लोखंड उचलून सरळ उभं करायचं म्हटलं की साहेबसुद्धा मला विचारायचे. कॉलनीतलं व्हॉलीबॉलचं मैदान मीच केलं. पाइपाचे दोन खांब. माझा हात वर केला, त्याच्यावर एक वीत धरली, तिथं जाळीचे आकडे वेल्डिंगनं पक्के केले. शिफ्ट सुटली की बाप्ये खेळत, त्यांच्या आधी पोरी. त्यात माझी थोरली. अंगानं काडी, पण उडायची अशी, की शेपटीवर पाय पडलेलं मांजरच.

शाळेतल्या खेळाच्या बाई एकदा मुद्दाम घरी आल्या. मुलींची जाळी वीतभर खाली असते, नियमच आहे, म्हणाल्या. मी विचारलं, बाई, सप्तशृंगीचा गड चढताना बाईमाणसाला कुणी चार पायऱ्या कमी करून देतं का? बाई चपला घालून निघून गेल्या. मला वाटलं, जिंकलो. पुढची पाच-सहा वर्षं मी असा रोज जिंकत होतो, आणि पोरगी रोज त्या बाप्यांच्या जाळीवरून बॉल मारत होती.

ऐंशी साल जवळ आलं असेल. राज्याच्या संघाची निवड नाशकातच होती, दोन दिवस. मी इस्त्रीचा सदरा घालून, अर्धी कॉलनी सोबत घेऊन गेलो. पोरीचा पहिला बॉल रेघेच्या बाहेर. दुसरा त्याच्याही पुढे. तिसरा निवड करणाऱ्या साहेबांच्या चहात. इतकी वर्षं वीतभर वरून मारायची सवय. हात खाली येईचना. लोक हसले. मी कॉलनीवाल्यांना सांगितलं, मैदानच आखूड आखलंय. साहेब सदरा पुसत म्हणाले, उद्या सकाळी शेवटचं बघू, नाहीतर पुढच्या वर्षी.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "अप्पा, जाळी खाली घ्या."

मी म्हटलं, आकडे वेल्डिंगचे आहेत, निघणार नाहीत.

आतून हिचा आवाज आला, "मग तुमचा ताठा काढा. तो कुठं वेल्डिंगचा आहे?"

आता आकडे कापावेत, तर सगळ्या कॉलनीला कळणार की चूक माझी. मी पहार घेतली, खांब उपटले, दोन्ही खड्डे वीतभर खोल केले आणि खांब परत ठोकले. जाळी खाली आली, आकडे जागच्या जागी. खांब गेले जमिनीत, मी काही वाकलो नाही, असं मी पुढं बरीच वर्षं सांगायचो. हिचं म्हणणं, खड्डा खणायला वाकावंच लागतं.

दिवस मावळेपर्यंत ती मारत राहिली आणि ही काटेरी कुंपणातून बॉल काढत राहिली. दुसऱ्या दिवशी निवड झाली. मग भारताचा शर्ट आला, विमानं आली, नावं नीट घेता येणार नाहीत असे देश आले. एकदा तिचं पत्र आलं, "अप्पा, इथल्या पोरी तुमच्या खांबाएवढ्या आहेत, पण जाळी आपल्या खड्ड्यानंतरच्या मापाचीच आहे."

खेळ सुटल्यावर कुठल्याशा पेपरात तिनं सांगितलं, बापाच्या उंच जाळीनं मला उडायला शिकवलं. ते कात्रण मी खिशात घालून सगळ्या कॉलनीला अक्षर अक्षर लावून वाचून दाखवलं. परवा तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होतो, तेव्हा ती हसत म्हणाली, "पेपरात अर्धंच सांगितलं, अप्पा. हे गुडघेही त्याच जाळीनं गेले." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

रविवारी ती येते तेव्हा मी फाटकापर्यंत जातो. घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर मी कठडा धरतो, जोरजोरात श्वास घेतो. बसा जरा अप्पा, वय झालं तुमचं, असं म्हणत ती पायरीवर टेकते, आणि गुडघा दाबत बसते. मला अजून दोन्ही मजले एका दमात चढता येतात. पूर्वी हे मी चारचौघांना थांबवून सांगितलं असतं. तिला मात्र सांगत नाही.