हा सुलूचा, पुढचा तुझा

आमच्या उत्तरावहिनीला कुणी "बिचारी, किती सोशिक" म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सोशिक कसली डोंबलाची! गोड बोलून आपलं तेच खरं करणारी बाई ती. मी तिची सख्खी नणंद, कुंदा. एका घरात तिच्याबरोबर चूल सांभाळलीय, मला नका शिकवू.

त्रेपन्न-चोपन्नची गोष्ट. आम्ही घाटकोपरला राहायचो. माझा थोरला भाऊ विद्याधर, म्हणजे दादा, फोर्टात एका विमा कंपनीत हेडक्लार्क. मी शाळेत शिकवायचे, लग्न व्हायचं होतं. दादा-वहिनीचा नंदू अडीच वर्षांचा. घर डोक्यावर घेणारं ते पोर एकाएकी लंगडायला लागलं, झोपेत किंचाळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, खुब्याच्या हाडाचा क्षय. मुलुंडला तेव्हा मुलांचं एक लहानसं धर्मादाय इस्पितळ होतं. तिथे त्याला छातीपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये घातलं. बरा होईल, पण महिनोन्महिने इथेच राहावं लागेल, असं सांगितलं. आणि आईनं राहायचं नाही.

तेव्हा तसाच नियम असायचा. रविवारी तासभर भेट, बस्स. वहिनी निघाली की नंदू असा आकांत करायचा की सगळा वॉर्ड रडायला लागायचा. मग मेट्रन मृणालिनीबाईंनी सांगितलं, "पुढच्या वेळेपासून दाराच्या काचेतून बघा. तुम्ही दिसलाच नाहीत की रुळेल तो."

वहिनी काचेमागून बघायला लागली. नंदूनं रडणं सोडलं. मग हसणं सोडलं, आणि शेवटी खाणं. चमचा तोंडाशी आला की ओठ मिटून भिंतीकडे बघत पडायचा. एक नर्स कौतुकानं म्हणाली, "रुळला हो तुमचा बाळ, अजिबात त्रास देत नाही." घरी आल्यावर वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तो रुळला नाही. त्यानं माझी आशा सोडलीय."

डॉक्टरांनीही सांगून टाकलं, अंगात ताकद नसेल तर औषध काय करणार? पोर डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं.

वहिनी मृणालिनीबाईंकडे गेली. मीही बरोबर होते, भांडायच्याच तयारीनं. वहिनी म्हणाली, "मला आत राहू द्या."

मृणालिनीबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी आम्हाला बसवलं. म्हणाल्या, "मागे एका आईला दया येऊन आत घेतलं होतं. तिच्या घरी गोवर होता, पण बोलली नाही. आपल्याकडे गोवर आला म्हणजे देवी आली. दाराला कडुलिंब लावायचा आणि तोंडाला कुलूप. या वॉर्डातली तीन पोरं गेली त्यात. तुमच्या एका बाळासाठी बाकीच्यांचा जीव धोक्यात घालू का? तुम्हीच सांगा."

मला त्यांचं पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

वहिनीनं शांतपणे विचारलं, "पण कामाच्या बायका जातातच ना आत?"

"त्या नोकरीला आहेत. इथेच राहतात, त्यांची तपासणी होते."

"मग मला कामाला ठेवा."

घरी दादाचा नुसता भडका उडाला. "हेडक्लार्कची बायको परक्या पोरांची शी-शू काढणार? लोक तोंडात शेण घालतील!"

मी म्हटलं, "घालू देत. ते लोक तुझ्या पोराला भरवायला येणार आहेत का रे?" दादानं ताट सरकवलं. वहिनीनं ते झाकून ठेवलं आणि पिशवीत दोन सुती पातळं भरली.

मृणालिनीबाईंनी तिला एकच अट घातली. "वॉर्डात तुम्ही कुणाची आई नाही. नंदूनं हाक मारली तरी हातातलं मूल खाली ठेवायचं नाही. भेदभाव दिसला की त्याच दिवशी घरी." वहिनी "बरं" म्हणाली. म्हणायला काय जातंय!

पहिल्या दिवशी नंदूनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. किती तरी दिवस तो तिच्याकडे बघेना. वहिनी मला म्हणाली, "चिडलाय माझ्यावर. चिडू दे. चिडतोय म्हणजे आहे अजून."

शेजारच्या खाटेवर तीन वर्षांची सुलक्षणा होती, पाठीच्या दुखण्यानं पडलेली. वहिनी तिला मऊ भात भरवायची, काऊचा घास, चिऊचा घास करत. नंदू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. एका दुपारी चिऊचा घास सुलूच्या तोंडाशी पोचला आणि इकडून आरोळी आली, "तो माझा!"

वहिनीचा हात थांबला. दारात मृणालिनीबाई उभ्या. इतक्या दिवसांनी पोरानं घास मागितला होता हो! पण वहिनीनं घास सुलूलाच दिला. नंदूकडे वळून म्हणाली, "हा सुलूचा. पुढचा तुझा."

आणि नंदू तोंड उघडून वाट बघत राहिला. नंतर वाटीभर भात जेवला, लबाड! निव्वळ मत्सरानं जेवला, पण जेवला. दादाला सांगितलं तर तो मोरीत जाऊन तोंड धुतो म्हणून बराच वेळ आलाच नाही.

इथेच संपलं असतं तर मी सांगायला बसले नसते. सुलूची आई प्रेमा मालवणकडची. नवरा गिरणीत, घरी तान्हं मूल. एका रविवारी ती उकडलेली रताळी घेऊन आली, पोरीपुढे हात पसरले. पोरीनं तिच्याकडून तोंड फिरवलं आणि उत्तरावहिनीकडे हात केले. प्रेमा मटकन खाली बसली. "बाय, माझां चेडू माका इसारलां गे."

वहिनी त्या दिवशी मला म्हणाली, "वन्सं, हे मी काय करून बसले? माझं मूल मला परत मिळालं आणि हिचं मी घेतलं."

"मग काय पोरीला उपाशी ठेवायचं होतंस?" मी फटकारलं.

"तसं नव्हे. पण मला आत शिरायला वाट सापडली. ती तान्हं टाकून कामाला कशी राहणार?"

ती पुन्हा मृणालिनीबाईंपुढे जाऊन उभी राहिली. जेवणाच्या वेळी सगळ्यांच्याच आईला आत घ्या म्हणाली. "दाराशी मी उभी राहीन. हात धुवायला लावीन, धुतलेलं पातळ देईन. आणि गोवराचं मी विचारीन. म्हणेन, देवी आलीय का गं घरी? असली तर मी इथूनच हात जोडते. पण आजारी पोरांच्या घरी तिला आणू नको, घरचं पोर बरं झालं की ये. मला खरं सांगतील त्या."

"आणि एक जरी पोर दगावलं तर?"

"तर ते माझ्या माथी. पण जी न खाता दगावतात, ती कुणाच्या माथी, बाई?"

मृणालिनीबाई म्हणाल्या, "एकीपासून सुरू करू. बघू."

पुढे नंदू थोडासा लंगडत का होईना, घरी आला. वहिनीनं मात्र ते दार सोडलं नाही. केस पांढरे होईपर्यंत तिथे उभी होती, आणि कितीतरी जणींनी तिला घरातली देवी खरी सांगितली. पण माझ्या डोळ्यांपुढे आहे तो प्रेमाला आत घेतलं तो पहिला दिवस.

प्रेमा आत भरवत होती आणि सुलू वहिनीच्या नावानं ओरडत होती. वहिनी बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि काचेच्या कडेला उभी राहिली. मी म्हटलं, "अगं जा ना आत, पोर रडतंय."

"नको. मी दिसले तर ती आईच्या हातचं खाणार नाही."

तोंडात पदराचा बोळा धरून ती उभी राहिली. आत प्रेमा मालवणीत काहीबाही सांगत होती, म्हशीचं, माडाचं. सुलूचं रडणं हुंदक्यांवर आलं. मग तिनं तोंड उघडलं आणि प्रेमानं घास घातला. वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तेवढ्यात नंदूनं हाक मारली, "आई, मला भूक!"

वहिनीनं डोळे पुसले, आत गेली. पलीकडच्या खाटेवर एक नवं पोर रडत होतं, आधी त्याला कडेवर घेतलं आणि नंदूला म्हणाली, "थांब हं, येतेच."

नंदू रडला नाही. थांबला.